सहा सेकंदांचे पेट्रोल

नीळकंठरावांची आणि डॉक्टर अश्लेषाची ओळख ऑपरेशनच्या टेबलावर झाली. हर्नियाचे साधे ऑपरेशन होते. राहायला ते बारामतीत. पण सर्जन त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, म्हणून ते इंदापूरच्या रुग्णालयात दाखल झाले होते. कमरेखालचे शरीर बधिर केलेले, छातीपुढे हिरवा पडदा, आणि उशाशी स्टुलावर बसलेली भूलतज्ज्ञ अश्लेषा. पडद्यापलीकडचे काही दिसत नव्हते, पण ऐकू सगळे येत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "डॉक्टर, तुमचा सक्शनचा पंप हवा ओढतोय. नळीचा सांधा कुठंतरी सैल असणार."

सर्जन हसले. नर्सने वाकून पाहिले, तर सांधा खरोखरच सैल होता.

"काका, तुम्ही करता तरी काय?" अश्लेषाने विचारले.

"आता काही नाही. चौतीस वर्षं डेअरीत पंप सांभाळले."

त्यानंतर दोन महिन्यांनी, सप्टेंबरच्या अखेरीस, तिचा फोन आला. "काका, माझे पेशंट मला ओळखत नाहीत, हे मला माहीत आहे. शुद्धीवर येतात तेव्हा मी पुढच्या ऑपरेशनला गेलेली असते. पण तुम्ही जागे होतात."

"ओळखलं. बोला."

"माझी एक गाडी आहे. तिचं काय दुखतंय ते कुणालाच कळत नाही. तुम्ही नुसती ऐकाल का?"

गाडी म्हणजे दोन आसनांची, तांबडी, पंधरा वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. वरकुट्याच्या माळावर टायरच्या चाचण्यांसाठी कुणीतरी बांधलेला एक खासगी ट्रॅक होता. चाचण्या बंद पडल्यावर पुण्याच्या एका हौशी मंडळाने तो रविवारपुरता भाड्याने घेतला होता. अश्लेषा तिथे गाडी चालवायला जाई. रस्त्यावर ही गाडी निमूटपणे चाले. ट्रॅकवर मात्र एका ठरावीक जागी, डावीकडे वळत जाणाऱ्या लांबलचक वळणाच्या मध्यावर, इंजिन अचानक दम सोडी. दोन-तीन सेकंद सुन्न शांतता, आणि वळण संपता संपता पुन्हा झटका देऊन सुरू. इंदापूरच्या मेकॅनिकने प्लग बदलले होते, पुण्याच्या मेकॅनिकने संगणक लावून पाहिला होता. दोघांनीही गाडी उभी असताना तपासली होती, आणि उभ्या गाडीत दोष नव्हताच.

नीळकंठराव बासष्ट वर्षांचे होते आणि घरात एकटे होते. त्यांची पत्नी विनया मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या बोलीवर बंगळूरला गेली होती. मुलगी प्राची आणि जावई दोघेही नोकरीत. सहा महिन्यांचे वर्ष झाले, वर्षाची दोन झाली, नात ओवी आता अडीच वर्षांची होती, आणि परतण्याचा विषय घरात कुणी काढत नव्हते. यात भांडण नव्हते, रुसवा नव्हता. रोज संध्याकाळी व्हिडिओवर ओवी त्यांना नवीन शिकलेला शब्द म्हणून दाखवी. मग फोन बंद होई, आणि ते डब्यातली भाजी पातेल्यात काढून गरम करत.

पहिल्या रविवारी ते सकाळच्या एसटीने वरकुट्याच्या फाट्यावर उतरले. अश्लेषा त्यांना घ्यायला आली होती. त्या दिवशी त्यांनी फक्त कडेला उभे राहून आवाज ऐकला. दुसऱ्या रविवारी त्यांनी डोक्यात हेल्मेट घातले आणि तिच्या शेजारी बसले.

"भीती वाटली तर सांगा," ती म्हणाली.

"सांगायला तोंड कुठं मोकळं आहे?" ते हेल्मेटमधून म्हणाले.

वळण आले. अंग उजवीकडे, अश्लेषाच्या बाजूला रेटले गेले. त्याच क्षणी आसनामागून, टाकीच्या बाजूने, एक बारीक, कोरडा, चढत जाणारा आवाज त्यांना ऐकू आला, आणि पाठोपाठ इंजिन गप्प झाले. चौतीस वर्षांत हा आवाज त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की झोपेतही त्यांना तो चुकला नसता. पंप हवा ओढत होता. टाकी रुंद आणि उथळ होती आणि पंपाचे तोंड तिच्या डाव्या कोपऱ्यात. टाकी निम्म्याखाली आली की डाव्या वळणात सगळे पेट्रोल उजव्या भिंतीवर चढत होते आणि पंपाचे तोंड उघडे पडत होते. वळण होते सहा सेकंदांचे. तेवढा वेळ पंप उपाशी.

उपायही त्यांना तिथेच सुचला. सुचला म्हणण्यापेक्षा आठवला. डेअरीत दूध तापवण्याच्या यंत्राआधी एक लहानसे भांडे असते, त्याला बॅलन्स टँक म्हणतात. मागून टँकरचे दूध कमी येवो, अडखळत येवो, भांड्यात नेहमी पुरेसे दूध असते, आणि पुढच्या पंपाला हवा लागत नाही. इथे तेच करायचे. टाकीतल्या पंपाने एका लहान भांड्यात पेट्रोल टाकत राहायचे, भांड्याच्या तळातून दुसऱ्या पंपाने ते इंजिनाला द्यायचे, आणि जास्तीचे वरच्या नळीतून टाकीत परत पाठवायचे. सहा सेकंदांत इंजिन पिऊन पिऊन किती पिणार? चहाच्या एका कपाएवढे. दीड लिटरचे भांडे केले तरी रग्गड. दोन दिवसांचे काम.

संध्याकाळी अश्लेषाला बारामतीच्या एका रुग्णालयात पेशंट पाहायचा होता, म्हणून ती त्यांना घरापर्यंत सोडायला निघाली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. एका ट्रॅक्टरमागे ती दोघे बराच वेळ अडकून पडली. नीळकंठराव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी फिल्टर बदलून पाहायचा का? मी आणते. आणि आमच्या वॉर्डातल्या मावशी खरवस देणार आहेत, तोही आणते. मी एकटी काय खाणार तेवढा?"

ते म्हणाले, "बघू."

एवढेच घडले. खोटे बोलायचे त्यांनी ठरवले नव्हते. त्यांनी एक रविवार मागितला होता, आणि तोही न मागता.

फिल्टर बदलला. पुढच्या रविवारी एक वायर बदलली, त्याच्या पुढच्या रविवारी पंपाची वीज चालूबंद करणारा रिले. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "अजून खात्री नाही. तोवर टाकी भरलेली ठेवा." टाकी भरलेली असली की धोका नाही, असे ते स्वतःला समजावत होते, आणि ते पूर्ण खोटेही नव्हते. शनिवारी ते आपले पाने-पक्कड पुसून पिशवीत भरत. रविवारी दोघे पत्र्याच्या शेडखाली बसून जेवत. अश्लेषाची आई कोल्हापूरला भावाकडे होती. ती स्वतः इंदापुरात भाड्याच्या घरात राही, तिथे नुसती झोपायला आणि कपडे बदलायला जायची.

"तुमचा हा थर्मास गाडीपेक्षा लवकर गार होतो," ती चहा पिताना म्हणाली.

"गाडी तुमची आहे, थर्मास माझा. तक्रार ज्याच्या त्याच्याकडं."

ती मोठ्याने हसली. असे हसणे त्यांच्या घरात फार दिवसांत झाले नव्हते. वळणात गाडी चालवताना डोक्यात काहीच उरत नाही, म्हणून आपण इथे येतो, असे ती एकदा म्हणाली. आठवडाभर दुसऱ्यांचे श्वास मोजल्यावर एक तास तरी कुणाचा मोजायचा नसतो.

सहाव्या रविवारी ती सलग दोन दिवसांची ड्यूटी संपवून परस्पर ट्रॅकवर आली आणि टाकी भरायला विसरली. चौथ्या फेरीत, वळणाच्या बरोबर मध्यावर, गाडीने दम सोडला. मागून मंडळाचा चिटणीस संदेश येत होता. त्याने आपली गाडी गवतात घातली म्हणून दोघे वाचले. दोन्ही गाड्यांमध्ये तेव्हा हातभर अंतर होते. नीळकंठरावांनी ते कडेवरून पाहिले.

संदेश गाडीतून उतरून तिच्याकडे आला. तो रागावला नव्हता, हे अधिक वाईट होते. "मॅडम, पुन्हा एकदा असं झालं तर मी तुम्हाला आत सोडू शकणार नाही. उद्या कुणाचा जीव गेला तर?"

अश्लेषा मान खाली घालून उभी होती. नीळकंठराव पुढे झाले. "मला कळलंय काय होतंय ते," ते म्हणाले. "गुरुवारच्या आत दुरुस्त करतो."

"आत्ता कळलं?" तिने विचारले.

"हो," ते म्हणाले. हे मात्र खोटे होते.

पणदऱ्याला मानसिंगचे वर्कशॉप होते. दुधाच्या टँकरची स्टीलची कामे तो करी, आणि त्याचे वेल्डिंग नीळकंठरावांनी वर्षानुवर्षे तपासून घेतले होते. सोमवारी त्यांनी कागदावरचे चित्र त्याच्यापुढे ठेवले.

"सायेब, येवढुसा बॅलन्स टँक?" मानसिंगने कागद उलटासुलटा केला. "म्हैस हाय का उंदरीण?"

"पेट्रोलसाठी आहे. गाडीत बसवायचाय."

"व्हय का! मंग गाडी दूध देनार म्हना."

दोन दिवसांत भांडे तयार झाले. आतून बाहेरून घासलेले, कुठे कंगोरा नाही, टोपणाला डेअरीत असतो तसा आट्यांचा सांधा. मंगळवारी अश्लेषाने गाडी पणदऱ्याला आणून ठेवली आणि ती एका सहकाऱ्याबरोबर परत गेली. डिकीत भांडे बसवताना मानसिंगने सांध्यासाठी काळ्या रबराची रिंग काढली.

"ही पेट्रोलची हाय. पंपवाल्याकडनं आनलीय."

"मानसिंग, स्टीलला काळं रबर?" नीळकंठरावांचा आवाज आपोआप चढला. "डाग पडतो, वास उतरतो. किती वेळा सांगितलं तुला?"

"अवो, वास कुनाला लागतोय? हितं काय श्रीखंड करायचं हाय का?"

दोघेही हसले. पण नीळकंठरावांनी पिशवीतून स्वतःची डबी काढली आणि दुधाच्या पाइपाला लावतात ती पांढरी रिंग त्याच्या हातावर ठेवली. मानसिंगने खांदे उडवले. "बरं, पांढरी तर पांढरी. तुमी सायेब."

बुधवारी अश्लेषा गाडी घेऊन गेली. जाताना तिने भांड्यावर बोटाने टिचकी मारली. "काका, ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवावं इतकं सुंदर केलंत हो."

गुरुवारी सकाळी नीळकंठराव मागच्या अंगणात पाने धूत होते. पणदऱ्याला नळ्यांची टोके धुवून उरलेले आणि घरी आणलेले पेट्रोल एका डब्यात दोन दिवस तसेच झाकून ठेवलेले होते. ते ओतून द्यायला डबा उचलला, तर तळाशी काहीतरी होते. काडीने बाहेर काढले. डबीतली दुसरी पांढरी रिंग, बसवताना केव्हातरी आत पडलेली. ती फुगून दीडपट झाली होती, आणि चिमटीत धरताच चहात भिजलेल्या टोस्टासारखी तुटली.

ते तिथेच पायरीवर बसले. दुधाला चालणारे रबर पेट्रोलला चालत नाही, हे त्यांना माहीत होते. शिकलेले होते, वाचलेले होते. हाताने मात्र चौतीस वर्षांची सवय ऐकली होती. आणि आता बंद डिकीत, गरम इंजिनाच्या गाडीत, तसाच सांधा पाझरायला लागला असेल.

त्यांनी फोन लावला; तो बंद होता. ऑपरेशन चालू असणार. मग त्यांनी मेसेज लिहिला, प्रत्येक शब्द तपासून : गाडी सुरू करू नका. टोपणाची रिंग चुकीची बसली आहे, चूक माझी. मानसिंगकडे योग्य रिंग आहे, त्याला बोलावून आधी ती बदलून घ्या.

तासाभराने उत्तर आले : 'बरं झालं कळवलंत. गाडी शेडमध्येच आहे. मानसिंगदादांशी बोलले, ते दुपारी येतायत. टेन्शन घेऊ नका काका. तुम्ही नसता तर मला कधी कारणच कळलं नसतं.'

धोका टळला होता. आता कुणी काही विचारणार नव्हते. नीळकंठरावांनी ते शेवटचे वाक्य तीनदा वाचले, कपडे बदलले आणि इंदापूरची एसटी पकडली.

रुग्णालयाच्या मागे औषधांच्या खोक्यांपाशी एक बाक होता. अश्लेषा हिरव्या कपड्यांतच बाहेर आली. "अहो काका, कशाला आलात? मानसिंगदादा रिंग बदलून आत्ताच गेले. तुमच्या नावानं ओरडत होते, म्हणाले, सायेबाला आता डेअरी सोडवत न्हाय."

"मी त्यासाठी आलो नाही," नीळकंठराव म्हणाले. "गाडीचं कारण मला सहाव्या रविवारी कळलं नाही. दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. शेजारी बसलो तेव्हा."

तिला समजायला वेळ लागला. "म्हणजे फिल्टर?"

"फिल्टर चांगला होता."

"रिले?"

"तोही."

"म्हणून टाकी भरलेली ठेवा म्हणत होतात." ती आता त्यांच्याकडे पाहत नव्हती. "आणि संदेश मागून आला, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"का पण?"

येताना एसटीत त्यांनी बरीच वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही आता उपयोगाचे वाटेना. "दुरुस्त झाली असती तर तुम्ही आला नसता," ते म्हणाले.

आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिने हात वर करून थांबायला सांगितले. "काका, मी माणसं झोपवते. ती माझ्यावर विश्वास ठेवून झोपतात. काम संपलं की त्यांना उठवायचं, एवढंच माझं काम. मला सोबत हवी म्हणून मी कुणाला दहा मिनिटं जास्त झोपवून ठेवत नाही."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे असं म्हणू नका हो!" तिचा आवाज फुटला. मग ती सावरली. "तुम्ही नुसतं या म्हणाला असता, तर मी आले असते की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण विचारायचं तरी." दाराशी पोचल्यावर ती वळली. "या रविवारी मी एकटी जाईन."

रविवारी नीळकंठराव फाट्यावर उतरले, पण ट्रॅकच्या दाराकडे गेले नाहीत. उसाच्या कडेने जाणाऱ्या बैलवाटेने ते तारेच्या कुंपणापर्यंत गेले. तिथून ते लांब वळण समोर दिसत होते. आपण आल्याचे तिला कळावे, अशी त्यांची इच्छा नव्हती. भांडे काम करते आहे की नाही, एवढे त्यांना जाणून घ्यायचे होते. फुगलेली रिंग पाहिल्यापासून त्यांना आपल्या हातांवर भरवसा राहिला नव्हता.

कुंपणालगत एक म्हातारी शेळ्या चारत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "तुमची कंची?"

"यातली एकही नाही."

"मंग उनात कशाला हुबं?"

"आवाज ऐकायला."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिले, हा माणूस बरा आहे ना याची खात्री केली. "मी ठमाबाई. हितलीच. आयतवारी शेळ्या हिकडंच आनती. घरी कोन हाय? हितं येवढी मानसं तरी दिसत्यात."

तांबडी गाडी वळणात शिरली. नीळकंठरावांनी तार घट्ट धरली. इंजिनाचा आवाज वळणाबरोबर वळत गेला, मध्ये कुठेही न तुटता, आणि माळाच्या पलीकडे उतरला. ते मनात मोजत होते : सहा. दुसरी फेरी, पुन्हा सहा. टाकी निम्म्याखाली येईल तेव्हाच खरी परीक्षा होती, म्हणून ते उभे राहिले. दहा, पंधरा, वीस. ऊन डोक्यावर आले. बाविसाव्या फेरीलाही आवाज तसाच सलग राहिला.

"ही तांबडी मधीच खोकायची," ठमाबाई म्हणाली. "आज येकडाव बी न्हाय खोकली."

"नाही खोकली," नीळकंठराव म्हणाले.

"औशीद दिलं वाटतं कुनी."

"उशिरा दिलं."

"बरी झाली ना? मंग झालं." तिने एका शेळीला हाकलले. "तुमच्या घरी कोन असतं?"

हा प्रश्न त्यांना नेहमी विचारला जाई, आणि बायको बंगळूरला आहे, नात लहान आहे, मुलगी मोठ्या नोकरीत आहे, असे त्याचे लांब उत्तर तयार असे. आज ते म्हणाले, "कोणी नाही."

"तरीच," ठमाबाई म्हणाली आणि तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. ते प्याले.

तांबडी गाडी ट्रॅकवरून बाहेर पडली आणि शेडकडे गेली. कुंपणाच्या बाजूला कुणी पाहिले नाही. नीळकंठराव परत फाट्यावर आले. निवाऱ्यात सावली होती, एसटी यायला वेळ होता. त्यांनी विनयाला फोन लावला. दुपारी ते कधी फोन करत नसत.

"अहो, काय झालं?" विनयाने घाबरून विचारले. मागे ओवी रडत होती.

"काही झालं नाही. तू परत कधी येतेस?"

"असं अचानक काय? प्राचीला सध्या किती काम आहे, तुम्हाला माहीत आहे ना. जेवलात का? गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"गोळ्या घेतो. मी एकटा राहू शकत नाही, विनया. मला जमत नाहीये. मी तसं कधी बोललो नाही, ते चुकलं."

ओवीला तिने कुणाच्या तरी हातात दिले असावे, कारण रडणे लांब गेले. "बरं नाहीये का तुम्हाला?"

"बरं आहे. मी विचारतोय तुला."

एसटी आली. फोन कानाला लावूनच ते चढले. खिडकीशी जागा होती. कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहिला.

"बारामती, एक," ते म्हणाले.

"कुणाशी बोलताय?" विनयाने विचारले.

"कंडक्टरशी. एसटीत आहे."

"एसटीत? रविवारचे कुठं गेला होतात?"

"ते सांगायला वेळ लागेल."

"घरी पोचल्यावर करा मग फोन," ती म्हणाली. "तोवर मी प्राचीशी बोलते. काय ठरेल ते माहीत नाही हं, आत्ताच सांगते."

"बोल तू," नीळकंठराव म्हणाले. गाडी सुरू झाली, आणि इंजिनाच्या आवाजात पुढचे त्यांना नीट ऐकू आले नाही.